सा कुठला?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाण्याचा क्लास लावलास, फार बरं वाटलं. पेटीवर सा नेमका कुठल्या पट्टीत असतो, असं फोनवर विचारलंस. ते सविस्तरच लिहितो, कारण तेवढं कळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

सा ठरलेला नसतो, तो गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरतो. खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार सप्तकातल्या पंचमापर्यंत आवाज न ताणता जाईल, ती तुझी पट्टी. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-पाचच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या आसपास बसतो, पुरुषांचा काळी एकच्या. पण मैत्रीण काळी पाचमध्ये गाते म्हणून तू गाऊ नकोस. बाईंनाच गळा तपासायला सांग.

सा लागला की बाकीचे स्वर त्याच्या नात्याने येतात. साची कंपनं सेकंदाला 240 असली, तर वरच्या साची 480 आणि पंचमाची 360, म्हणजे बरोबर दीडपट. सा आणि प इतके एकजीव होतात ते त्यामुळेच. हे दोघे अचल. रे, ग, ध, नी कोमल होतात, म तीव्र होतो. असे एकूण 12 स्वर.

तानपुरा मात्र कान देऊन ऐक. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे साच्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या साची. गंधाराला एकही तार लावलेली नसते, तरी जवारी, म्हणजे घोडीवर तारेला दिलेली झंकाराची बैठक, चांगली असली की खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू येतो. मला आजही त्याचं नवल वाटतं! पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा लागतो, कारण तिचे स्वर सारख्या अंतराने लावलेले असतात. म्हणून गळा तानपुऱ्याच्या मागे जाऊ दे, पेटीच्या नको.

पुढे भूप शिकवतील: सा रे ग प ध. देसकारातही हेच पाच स्वर. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि वेळ रात्रीची. देसकाराचा वादी धैवत आणि वेळ सकाळची. नुसते आरोह-अवरोह घोकून राग हाती लागत नाही, तो यासाठी.

तीनताल हातावर मोजत जा. 16 मात्रा, पहिलीवर सम, नववीवर काल, म्हणजे खाली.

परीक्षेची घाई करू नकोस. रोज सकाळी पंधरा मिनिटं नुसता सा लाव. बाई पट्टी ठरवतील ती लगेच कळव, म्हणजे त्या बेताचा जनानी तानपुरा मिरजेला सांगून ठेवतो.

तुझा
बाबा