बांध फुटला की दोष पावसाला का?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

खाणींच्या टेलिंग पाँडविषयीची, म्हणजे खनिज धुतलेले गाळाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांविषयीची, आपली कालची बातमी वाचली. पाहणी झाली, सगळे बांध सुरक्षित आहेत, अतिवृष्टी झाली तरच धोका संभवतो, असे तीत म्हटले आहे. शेवटचे वाक्य वाचून मला राहवेना, म्हणून हे पत्र. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आजोबांच्या वेळीही पडत होता. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात ज्याला बांध घालायचा आहे, त्याने हा पाऊस हिशेबात धरूनच घातला पाहिजे.

‘अतिवृष्टी’ हा शब्द मला टोचतो, त्याला कारण आहे. चीनला लोहखनिज जात होते त्या तेजीच्या वर्षांतली गोष्ट. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला, व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे), एका खाणीचे टेलिंग पाँड होते. खनिज धुऊन उरलेले लाल पाणी त्यात सोडायचे, गाळ खाली बसायचा, आणि पाँड भरत आले की बांधावर आणखी माती टाकून उंची वाढवायची. बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढा बारमाही पाझर होता. पाणी इतके नितळ, की लावणीहून परतताना आम्ही हातपाय तिथेच धूत असू.

त्या जूनमध्ये एका सोमवारी ते पाणी चहासारखे दिसले. माझे वडील खाजनात, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीत, वाढलेले. कुर्ल्यांनी पोखरलेला बांध कसा जातो ते त्यांनी पाहिले होते. पाझर नितळ आहे तोवर भिऊ नये, गढूळ झाला की बांधाच्या पोटातली माती वाहायला लागली असे समजावे, हे ते नेहमी सांगत. मी खाणीच्या गेटवर जाऊन कळवले. रखवालदाराने वहीत लिहून घेतले. मंगळवारी पुन्हा गेलो, तर साहेब मडगावला गेले होते. गुरुवारी पहाटे बांध गेला.

पाण्याचा लोंढा येतो तसा तो आवाज नव्हता. ओल्या गोणी कोणी फरफटत न्याव्यात, तसा घसघस आवाज बराच वेळ येत राहिला. उजाडल्यावर पाहतो तो लावणीला आलेला भाताचा तरवा नाहीसा, शेताच्या मेरा (बांध) नाहीशा, मधल्या दोन कोपरांत (शेताच्या तुकड्यांत) गुडघाभर लाल चिखल. हातात घेतला तर साबणासारखा बुळबुळीत, खड्याचा एक कण लागेना. तोच चिखल उन्हात वाळला तेव्हा कौलासारखा कडक झाला. त्याच्यावरून नांगराचा फाळ घसरायचा. पुढची तीन वर्षे आम्ही पावसाळी भाताची सरदही केली नाही आणि पावसाळ्यानंतरच्या भाताचे वायंगणही नाही. वडील त्या शेतात परत उतरले नाहीत.

पंचनाम्याला माणसे आली पाचव्या दिवशी. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘अतिवृष्टी’ लिहिले. मी गढूळ पाझराचे सांगितले, गेटवरची वही मागवा म्हटले. ते यात बसत नाही, असे उत्तर मिळाले. मदत नैसर्गिक आपत्तीच्या दराने आली. तेवढ्यात गाळ उपसणाऱ्यांची मजुरीदेखील भागली नाही.

वेल्समधल्या आबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे मेली. तिथेही आधी निसर्गाकडेच बोट दाखवले गेले, की ढिगाऱ्याखाली झरे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते. चौकशीत निघाले की झरे नकाशावर होते आणि गावालाही माहीत होते.

खाण बंद असली की धोका टळला, असे समजणाऱ्यांनी ब्राझीलमधले ब्रुमाडिन्यो आठवावे. तिथल्या ८६ मीटर उंच बांधात २०१६ पासून नवा गाळ सोडणे बंद होते. कंपनीनेच नेमलेल्या सल्लागारांनी तो सुरक्षित असल्याचा दाखला सप्टेंबर २०१८ मध्ये दिला होता. २५ जानेवारी २०१९ ला भर दुपारी तो कोसळला आणि २७० माणसे गेली. त्या दुपारी आभाळ फाटले नव्हते. बांधाच्या पोटात मुरलेले पाणी तसेच होते, आणि कामगारांचे कँटीन बरोबर त्याच्याखाली होते. भोंगा वाजलाच नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांवरचे काम थांबले. पाऊस काही थांबला नाही. आमच्या वरच्या पाँडवर तेव्हापासून रखवालदारसुद्धा नव्हता. आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत आहेत. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला खरा, पण त्यातले धरण म्हणजे नदी-उपनदीवर पाणी अडवण्यासाठी आडवा घातलेला बांध. डोंगराच्या कुशीतले गाळाचे पाँड त्या व्याख्येत कसे बसणार? खनिजाच्या नियमांसाठी भारतीय खाण ब्युरो, त्याचे मुख्यालय नागपूरला. खाणीतल्या सुरक्षिततेसाठी खाण सुरक्षा महासंचालनालय, ते धनबादला. पणजीत आणखी दोन कचेऱ्या. पाझर गढूळ दिसला तर गावाने रात्री फोन कोणाला करायचा, हे यांतल्या एकानेही आमच्या पंचायतीच्या फलकावर लावलेले नाही.

आणखी एक, आणि हे आपल्यालाही लागू आहे. जनसुनावणीची जाहिरात आपण इतक्या बारीक अक्षरांत छापता, की गेल्या खेपेला ती मला शेजाऱ्याच्या नातवाने वाचून दाखवली. खाणीच्या पर्यावरण अहवालाचा गोषवारा मराठीत मिळतो, पण बांधाची उंची, उतार आणि पाण्याची पातळी हे सगळे इंग्रजी परिशिष्टात असते. नेमके तेच आम्हाला हवे असते.

कालच्या बातमीतला फोटो बांधाच्या माथ्यावरचा आहे, कोरड्या दिवसांतला. माथ्यावरून काही दिसत नाही. आपला वार्ताहर जुलैत पाठवा. मी त्याला व्हाळाच्या बाजूने पायथ्याशी नेईन. पाझर कुठे आहे ते मला माहीत आहे.

कळावे,
आपला,
एक शेतकरी, डिचोली तालुका