मनगटावरची स्क्रीन मराठीत आणि उन्हात तपासा

संपादक महोदय,

स्मार्टवॉचवरून विहिरीची मोटार चालू-बंद करण्याचा प्रकल्प घेणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी हे पत्र आहे.

मोबाइलची स्क्रीन आखडून घड्याळात बसवता येत नाही. 33 मिलिमीटर व्यासाच्या गोल स्क्रीनवर चौकोनी जागा जेमतेम 23 मिलिमीटरची निघते. बोट चुकू नये म्हणून बटण 9 मिलिमीटरचे लागते, म्हणजे एका ओळीत दोनच बसतात. मजकूर वर आणि बटणे खाली ठेवावीत, नाहीतर वाचायचे तेच बोटाखाली जाते.

सर्वाधिक हाल मराठी अक्षरांचे होतात. इंग्रजीला अक्षराच्या सव्वापट उंचीची ओळ पुरते. आपल्याला रफार, अनुस्वार, उकार यांसाठी दीडपट तरी लागते. ती दिली नाही की वरचा अनुस्वार कापला जातो आणि ‘बंद’चे ‘बद’ होते. अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. लांब वाक्य मोजून तोडताना मात्रा अक्षरापासून सुटली तर तिच्यासोबत ठिपक्यांचे वर्तुळ उमटते; म्हणून पूर्ण अक्षर संपेल तिथेच तोडावे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर (उपकरण चालवणाऱ्या एका चिपमधल्या लहानशा संगणकावर) तर बहुतेक वेळा जोडाक्षरे जुळतच नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. अशा वेळी ठरावीक संदेशांची कृष्णधवल चित्रेच साठवावीत. 200 बाय 40 पिक्सेलचे एक चित्र 1000 बाइटमध्ये मावते, तीस संदेशांना 30 केबी पुरतात. एवढ्यासाठी ‘Motor ON’ असे रोमन लिपीत लिहिण्याची काहीच गरज नाही.

मे महिन्यात परभणीचा पारा 43 अंशांवर जातो. त्या उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक करडी अक्षरे दिसत नाहीत. जाड अक्षरे आणि ठळक रंगभेद हवा. उन्हाचाच प्रकाश परतवणारी ट्रान्सफ्लेक्टिव्ह स्क्रीन मिळाली तर फारच उत्तम. घामाचा थेंब काचेवर पडला की टच त्यालाच बोट समजतो. म्हणून मोटार बंद करायला बाजूचे खरे, दाबायचे बटण द्यावे. बंद एका दाबात व्हावी, चालू मात्र दोन सेकंद दाबून धरल्यावरच, कारण चुकून सुरू झालेली मोटार कोरड्या विहिरीत जळते. आदेश घड्याळातून गेला एवढ्यावर ‘चालू’ दाखवू नये. स्टार्टरकडून मोटार सुरू झाल्याचा निरोप परत आल्यावरच दाखवावे. निरोप आला तर एक लांब कंपन, नाही आला तर तीन तुटक. रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला उभ्या माणसाला घड्याळ न पाहताही ते कळते.

परीक्षकांना विनंती आहे की, प्रयोगशाळेतल्या टेबलावर गुण देऊ नयेत. दुपारी बाराला घड्याळ बाहेर न्यावे, बोटे ओली करावीत आणि कधी स्मार्टवॉच न वापरलेल्या शेतकऱ्याच्या हातावर ते बांधून, काहीही न सांगता, त्याला मोटार बंद करायला लावावी.

– मनगटी उपकरणांच्या स्क्रीनवर काम करणारे काही जण, छत्रपती संभाजीनगर