कोबोल शिकतेय, काळजी करू नका

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर मी म्हणाले की मला मेनफ्रेमच्या, म्हणजे बँका वापरतात त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, टीममधे घेतलंय आणि कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय, तर बाबा तुम्ही एकदम गप्पच झालात आणि मागनं आईचा आवाज आला, अगं एवढं इंजिनीअरिंग करून जुनाट काम का देतायत हिला. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. आई, मला कुणी कोपऱ्यात टाकलेलं नाहीये, मला विचारलं होतं आणि मी विचार करूनच हो म्हणाले.

भाषा जुनी आहे हे खरंच. १९५९ साली अमेरिकेत सरकारी खाती आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या, कारण तेव्हा मशिन बदललं की पगाराचा, स्टॉकचा, सगळा हिशेबाचा प्रोग्राम बहुतेक पहिल्यापासून लिहायला लागायचा. मग ही सगळ्यांना चालेल अशी भाषा आली आणि १९६० च्या डिसेंबरमधे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर तोच प्रोग्राम चालवून दाखवला. ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी आधी जी फ्लो-मॅटिक भाषा केली होती त्यातनं यात बरंच आलंय. आई, या बाई नौदलात होत्या, १९८६ ला रिअर अॅडमिरल म्हणून रिटायर झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या! हिशेबाचा प्रोग्राम साध्या शब्दांत लिहिता आला पाहिजे हा त्यांचा आग्रह, म्हणून कोबोलमधे अॅड, मूव्ह, परफॉर्म असे सरळ शब्द असतात आणि वाक्य संपलं की फुलस्टॉप.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. नेहमीच्या भाषांमधे साध्या पद्धतीने ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर उत्तर ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग ४ असं येतं, कारण मशिन दोनच्या पटीत मोजतं आणि त्यात ०.१ नेमका बसतच नाही. तिथे पैशांसाठी वेगळी सोय मुद्दाम वापरावी लागते. कोबोलमधे मी रक्कम लिहिते पिक एस ९(७) व्ही ९९, म्हणजे चिन्ह, सात आकडे रुपयांचे, मग दशांश कुठे ते मनात धरायचं आणि दोन आकडे पैशांचे. पुढे कॉम्प-३, म्हणजे आकडे दाबून साठवायची पद्धत, लिहिलं की हे नऊ आकडे चिन्हासकट पाच बाइटमधे बसतात आणि दहाच्या हिशेबातच राहतात. तुमच्या बँकेतल्या लेजरला जसे रुपये-पैशांचे रकाने आखलेले असायचे अगदी तसंच. एक पैशाचा फरक आला तरी तुम्ही लोक रात्री उशिरापर्यंत ब्रँचमधे बसायचात ना, त्या पैशाची काळजी या भाषेत पहिल्या दिवसापासून आहे, मला तर हे बघून फार भारी वाटलं.

ट्रेनिंगमधे व्याजाचा प्रोग्राम करा म्हणाले तर मी आपला सेव्हिंगचा जुना नियमच घेतला, १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जो सगळ्यात कमी बॅलन्स असेल त्यावर त्या महिन्याचं व्याज. १ एप्रिल २०१० पासून बँका रोजच्या बॅलन्सवर व्याज द्यायला लागल्या तोही वेगळा केला आणि दर साडेतीन टक्केच ठेवला, म्हणजे दोन्हीतला फरक स्वच्छ दिसतो. एखाद्याने ९ तारखेला पैसे भरले तर जुन्या नियमात पूर्ण महिन्याचं व्याज आणि ११ ला भरले तर त्या भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं काहीच नाही, तुम्ही शेजारच्या काकांना दहाच्या आत भरा म्हणून का सांगायचात ते आत्ता नीट कळलं. आणि कम्प्यूट म्हणजे हिशेबाची ओळ लिहिताना राऊंडेड लिहिलं नाही तर पैशाच्या पुढचा उरलेला भाग प्रोग्राम सरळ कापून टाकतो, जवळच्या पैशापर्यंत नेत नाही. हे कोड वाचून समजतं, पण कापलं तर कुणाचं नुकसान होतं हे मला तुमच्यामुळे माहितीये, आमच्या बॅचमधे बाकीच्यांना नाही.

चालू प्रोग्राम बंद पडला की त्याला अॅबेंड म्हणतात आणि सगळ्यात जास्त भेटतो तो सॉक-सेव्हन. रकमेच्या जागी कोऱ्या जागा आल्या की मशिन बेरीज करायला नकारच देतं, काम थांबवतं. मग डंप, म्हणजे थांबला त्या क्षणी मशिनच्या मेमरीत काय होतं त्याची नोंद, उघडायचा, कुठल्या ओळीवर थांबला ते बघायचं आणि हजारो खात्यांच्या फाईलमधनं तो एक खराब रेकॉर्ड शोधायचा. मला हे शोधायला खूप आवडतं, खरंच.

आता आईचा प्रश्न, उद्या ही कोबोलच बंद पडली तर काय. आई, आयबीएमने १९६४ साली सिस्टम ३६० ही मेनफ्रेमची मालिका काढली आणि त्यावरचे प्रोग्राम पुढच्या मशिनवर चालत राहतील हे सांभाळलं, त्यामुळे बँका-विमावाल्यांना मोडून नवीन करायची गरजच पडली नाही. २०२० च्या एप्रिलमधे न्यू जर्सीच्या गव्हर्नरने कोबोल येणारे लोक हवेत म्हणून जाहीर सांगितलं होतं, लॉकडाउनमधे नोकऱ्या गेलेल्यांचे अर्ज एकदम वाढले आणि ती सिस्टम कोबोलवर होती. शिकवणारे लोक आता रिटायर होतायत आणि नवीन मुलं याच्याकडे वळत नाहीत, मला तर ही संधी वाटते. आणि मी जावा, म्हणजे आधी शिकलेली दुसरी भाषा, सोडलेलं नाहीये, तेही चालू ठेवणारे.

नाईट शिफ्टचंही टेन्शन घेऊ नको. क्लायंट अमेरिकेचा आहे, तिकडच्या बँकेची बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचं एकगठ्ठा काम, रात्री चालते, उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात असतात, म्हणजे मला लवकर उठून जावं लागेल इतकंच. डबा करणाऱ्या मावशींना सांगितलंय, त्या सहाला देतात.

बाबा, एक काम आहे. मला माझा प्रोग्राम खऱ्या आकड्यांवर तपासायचाय, तर तुमची २०१० च्या आधीची पासबुकं कपाटात असतील ना, त्यातलं २००८ किंवा २००९ चं एक सहामाहीचं व्याज पडलेलं पान आणि त्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी मोबाईलवर फोटो काढून पाठवा. उजेडात धरा, आकडे पुसट असतात. आणि तुमच्या ब्रँचमधे एएलपीएम, म्हणजे लेजरच्या नोंदी करणारी, मशिन आली तेव्हा व्याज मशिन काढायचं की तुम्ही आधी हाताने काढून मग ताडून बघायचात ते पण सांगा, रविवारी सकाळी दहाला फोन करते, तेव्हा वेळ ठेवा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मनू