झाकण जानेवारीत उडाले, संप सप्टेंबरात झाला

संपादक महोदय,
स. न.

बोइंग या अमेरिकन विमान कंपनीतला संप मिटल्याच्या निमित्ताने लिहिलेला आपला कालचा अग्रलेख वाचला. भाषा झोकदार आहे. पण 53 दिवस कारखाने बंद ठेवणाऱ्या कामगारांमुळे कंपनीचा दर्जा रसातळाला गेला, हे लिहिण्याआधी कार्यालयातल्या कोणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला हवे होते.

सिएटलच्या या यंत्रकामगार संघटनेचा आधीचा संप 2008 चा. त्यानंतर 16 वर्षे संप नाही. बोइंगची 737 मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून 346 माणसे गेली ती याच शांततेच्या काळात, 2018 आणि 2019 मध्ये. अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचे दाराच्या जागी बसवलेले झाकण हवेत उडाले 5 जानेवारी 2024 ला. संप सुरू झाला 13 सप्टेंबरला. आधी परिणाम आणि आठ महिन्यांनी कारण, असा चमत्कार अग्रलेखातच घडू शकतो.

त्या झाकणाचे काय झाले तेही आपण एका ओळीत उरकलेत. विचिटाच्या पुरवठादाराकडून आलेल्या विमानाच्या सांगाड्यात काही रिव्हेट खराब होते. ते बदलण्यासाठी बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात झाकण उघडले, परत लावले, आणि त्याला जखडणारे चार बोल्ट बसवलेच नाहीत. झाकण उघडल्याचा कागद चौकशीत सापडला नाही. कागदच नाही म्हटल्यावर तपासणार कोण आणि काय? आणि 2019 मध्ये तपासनिसांच्या 900 पर्यंत जागा कमी करण्याचा घाट याच कंपनीने घातला होता. त्याविरुद्ध ओरड कोणी केली? आपण ज्यांना दर्जाचे शत्रू ठरवलेत त्याच संघटनेने.

मला हे एवढे का झोंबते, तर माझा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला. विमाने नव्हेत, ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स. कारखान्याचे नाव सांगत नाही, अजून चालू आहे. एकदा महिनाअखेरीला हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या, लॉटमध्ये बोअर म्हणजे भोक मापापेक्षा मोठे निघाले. मी माल अडवणारा लाल टॅग लावला. प्रॉडक्शनचे साहेब रात्री स्वतः खाली आले. म्हणाले, "गाडी गेटवर उभी आहे, आज माल सोड. डेव्हिएशनवर उद्या सकाळी सही करतो." मी नाही म्हटले आणि शिफ्ट संपल्यावर घरी गेलो. सकाळी टॅगही नव्हते, मालही नव्हता. डेव्हिएशनचा, म्हणजे मापात न बसणारा माल सोडण्याच्या परवानगीचा, कागद तर जन्मालाच आला नाही. पुढे कस्टमरची तक्रार आली, तेव्हा मेमो कोणाला मिळाला असेल? मला! कारण 'तपासणीत हलगर्जीपणा'. साहेबांना त्याच वर्षी बढती.

मेमो मागे घेतला गेला तो युनियनमुळे. आमच्या कार्याध्यक्षांनी टॅगबुक मागवले, त्यात कार्बन कॉपी शिल्लक होती. तरी माझे त्या वर्षीचे इन्क्रिमेंट गेले ते गेलेच. नंतर कारखान्यात 'सेल्फ इन्स्पेक्शन' आले आणि आमचे खाते निम्म्यावर आणले. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा! उत्पादन मात्र वाढले, यात वाद नाही. भिंतीवर क्वालिटीचे मोठमोठे फलकही लागले.

आता संपकऱ्यांना लावलेल्या 'हावरट' या आपल्या शेलक्या विशेषणाविषयी. चार वर्षांत मिळून 38 टक्के पगारवाढ आपल्याला जास्त वाटते. दाराचे प्रकरण ज्यांच्या कारकिर्दीत घडले त्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी कॅल्हून साहेबांना 2023 या एका वर्षासाठी सुमारे 3 कोटी 30 लाख डॉलरचे मानधन होते. त्यावर अग्रलेखात अवाक्षर नाही. संपकऱ्यांचा खरा राग पेन्शनचा होता. नव्या विमानाचे काम दुसऱ्या राज्यात नेऊ, असे धमकावून 2014 च्या जानेवारीत त्यांची जुनी पेन्शन योजना सोडायला लावली होती. ती या संपातही परत मिळाली नाही. म्हणजे हट्ट पुरला असेही नाही.

पेन्शनचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 सालीच महिना 1000 रुपये ठरली आणि आजही तेवढीच आहे. याबद्दल मी आपल्याला उन्हाळ्यात पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, त्याबद्दल आभार. पण पेन्शनचा परिच्छेद गाळून फक्त पीएफ कार्यालयातल्या पंख्यांविषयीचा भाग ठेवलात. ओळखीचे लोक अजून मला पंख्यांविषयी विचारतात. या वेळी जागा कमी पडलीच तर कृपया माझ्या मेमोची हकिगत कापावी, हा परिच्छेद ठेवावा.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, चिंचवड