वरच्या मजल्यावरच्या शिलेदार

तोरिनो (इटली),
५ जून

प्रिय दत्ता,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहायला बसलोय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा (म्हणजे बाई) 'काव्हालिएरे' झाल्या. २ जूनला पियाझ्झा कास्तेल्लोमधल्या प्रिफेक्टच्या कचेरीत (आपल्याकडचं कलेक्टर ऑफिस समज) समारंभ झाला आणि मी तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होतो.

काव्हालिएरे म्हणजे काय, असं तू विचारलंस. 'काव्हाल्लो' म्हणजे घोडा, त्यावरून घोडेस्वार, मानाचा सरदार. मला मात्र त्यासाठी आपला 'शिलेदार' हाच शब्द सुचतो. का ते पुढे सांगतो. बाई असली तरी पदवी काव्हालिएरे अशी पुल्लिंगीच.

सिन्योरा लहानपणी पुल्याहून, पार दक्षिणेतून, आईबापांबरोबर इथे आल्या. त्या काळी गाड्यांच्या कारखान्यांसाठी दक्षिणेकडून माणसांची रीघ लागली होती आणि इथल्या घरांवर 'दक्षिणेकडच्यांना जागा मिळणार नाही' अशा पाट्या लागत. तसली पाटी त्यांनी वडिलांचा हात धरून वाचली आहे. पुढे त्यांनी सगळी हयात एका कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात काढली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये त्या बाहेरून आलेल्यांना फुकट इटालियन शिकवतात. मोरोक्कोचे, रुमानियाचे, पेरूचे, आणि मी. 'घर भाड्याने मिळेल का?' हे वाक्य त्या पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात. मी सुद्धा तेच पहिलं शिकलो.

हा मान आपोआप चालत येत नाही, दत्ता. कोणीतरी लिहून कळवावं लागतं, मग प्रिफेक्टची कचेरी चौकशी करते, फाइल रोमला जाते आणि शेवटी राष्ट्रपतींची सही होते. आम्ही शिष्यांनी मिळून पत्रं लिहिली होती. माझ्या पत्रात व्याकरणाच्या चुका राहू नयेत म्हणून मी ते त्यांनाच दाखवणार होतो, तेवढ्यात बायकोने हात धरला! मग वाट बघणं आलं. इतके दिवस काही कळेना, की आम्ही विषयच काढेनासे झालो.

तू म्हणालास, हे राजेरजवाड्यांचं खूळ प्रजासत्ताकात कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. इथे साव्होया घराण्याचं राज्य होतं. त्यांचा सगळ्यात मोठा मान आन्नुन्झियाताचा, चौदाव्या शतकापासूनचा. त्या मानाची साखळी गळ्यात पडली की माणूस राजाचा चुलतभाऊ गणला जायचा. १९२४ साली मुसोलिनी असाच राजाचा भाऊ झाला. इटली एक झाल्यावर, १८६८ मध्ये, 'इटलीचा मुकुट' नावाचा मान निघाला आणि तो इतका वाटला गेला की 'सिगार आणि काव्हालिएरेचा क्रॉस, दोन्हीला कोणाला नाही म्हणू नये' अशी म्हणच पडली. २ जून १९४६ ला लोकांनी मतदान करून राजाला घरी पाठवलं. त्यानंतर राज्यघटनेने सरदारक्या अमान्य केल्या आणि ३ मार्च १९५१ च्या कायद्याने हे दोन्ही मान मोडीत काढून प्रजासत्ताकाचा स्वतःचा मान सुरू केला. त्याच्या पाच पायऱ्या आहेत, काव्हालिएरे ही पहिली. आपल्या घटनेचं अठरावं कलम आठव, किताब तिथेही बाद झाले आणि पुढे पद्म पुरस्कार आले. दोन्ही देशांना एकाच सुमारास एकच प्रश्न पडला होता : राजा गेल्यावर मान कोणाला द्यायचा आणि कोणी?

एक राजेशाही मान मात्र घटनेने नाव घेऊन राखला, आणि तो काढणाऱ्याच्या पुतळ्यावरून मी रोज जातो. पियाझ्झा सान कार्लोत साव्होया घराण्यातल्या एमानुएले फिलिबेर्तोचा घोड्यावरचा पुतळा आहे, तलवार म्यानात घालणारा. याने १५७२ मध्ये संत मॉरिस आणि संत लाझारस यांचा संयुक्त मान उभा केला. त्यातल्या लाझारसवाल्यांचं मूळ काम कुष्ठरोग्यांची सेवा. घटनेने म्हटलं, हा राहील, पण रुग्णालयाची संस्था म्हणून. गावात आजही 'मौरित्सियानो' म्हटलं की लोकांना सरदार आठवत नाहीत, दवाखाना आठवतो. माझ्या धाकटीचा जन्म तिथलाच.

आता समारंभाचं. नाव पुकारलं, सिन्योरा उठल्या. निळा सुती ड्रेस, घरीच शिवलेला. प्रिफेक्ट आणि महापौरांनी मिळून सनद हातात दिली. सनदेवर प्रजासत्ताकाचं चिन्ह होतं : तारा, ऑलिव्ह आणि ओकच्या फांद्या, आणि ताऱ्यामागे दातेरी चाक. ते चाक कामाचं. इटलीच्या घटनेचं पहिलंच वाक्य आहे की हे प्रजासत्ताक श्रमावर उभं आहे. सिन्योरांनी त्या चाकावरून अंगठा फिरवला. मशीनवर सुईखाली कापड सरकवणारा तोच अंगठा.

आणि शिलेदाराचं म्हणशील तर, सरकार देतं ती फक्त सनद. छातीवर लावायचा क्रॉस ज्याचा त्याने विकत घ्यायचा! बारगिराला घोडं सरकारचं, शिलेदाराचं घोडं स्वतःचं, तसंच. सिन्योरा म्हणाल्या, मला नको, पेन्शनीत बसत नाही. मग आम्ही वर्गणी काढली. डबी उघडली तर आत पांढऱ्या मिन्याचा क्रॉस, हिरव्या फितीला लाल काठ. सगळे क्रॉस बघत होते. सिन्योरांनी मात्र आधी फीत उलटी केली, टाके बघितले आणि म्हणाल्या, 'बरं शिवलंय.' मोरोक्कोची पोरगी तिथेच रडायला लागली.

आनंदाच्या भरात मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या साध्या शिपायांसाठी इटलीने 'व्हित्तोरियो व्हेनेतो'चा मान काढला, तो १९६८ मध्ये. पन्नास वर्षांनी. तोवर कितीतरी जण मातीत गेले होते. त्यातला शेवटचा म्हातारा, देल्फिनो बोर्रोनी, ११० वर्षांचा होऊन २००८ मध्ये गेला, आणि घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून तो मानही बंद झाला. आणि आपले यशवंतराव घाडगे? तुझ्या माणगावच्या पळसगावचे, दुसऱ्या महायुद्धात इथे इटलीत लढताना १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले, बावीस वर्षांचे. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हातात पडला. तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं ते २०२३ मध्ये. मी जाऊन आलो. 'आपण सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य आहे तिथे. हात जोडले, पण बघायला त्यांच्या घरचं कोणी उरलेलं असेल का, हेच मनात येत राहिलं.

म्हणून तुला काम सांगतो, आणि हे टाळायचं नाहीस. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर. पावसात कातकरी वाड्यांवर चालत जाऊन लस देणाऱ्या, आपल्या दोघांच्याही दंडावर ज्यांची सुई आहे. निवृत्त झाल्यावरही वाडीवरच्या बाळंतिणी त्यांच्याच दारात येतात असं वहिनी म्हणत होत्या. पद्मसाठी आता कोणीही नाव सुचवू शकतं, ऑनलाइन. ८०० शब्दांपर्यंत त्यांचं काम लिहून द्यायचं. मिळो न मिळो, कोणीतरी आपलं सगळं आयुष्य नीट कागदावर मांडलं हे तरी त्यांना हयातीत कळू दे.

लिहीन मी. तू फक्त येत्या रविवारी त्यांच्या घरी जा. कोणत्या वर्षी रुजू झाल्या, कुठल्या कुठल्या वाड्या होत्या, नदीला पाणी असलं की कशा जायच्या, सगळं विचार आणि वहीत उतरवून घे. लसीचा तो खांद्याला लावायचा डबा अजून घरात असेल तर त्याचा फोटो काढून पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू