लिनक्सच्या पडद्यामागचे वाली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विंडोज १० चे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यापासून जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवावी की नाही, याची चर्चा शाळा, वाचनालये आणि लहान कार्यालयांत पुन्हा सुरू झाली आहे. ‘हे तर हौशी मंडळींनी चालवलेले असते, उद्या बंद पडले तर विचारायचे कोणाला?’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न, आणि ‘मागे मोठ्या कंपन्या आहेत, काळजी नसावी’ हे त्याला मिळणारे ठरलेले उत्तर. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या आणि कळफलक व माउसच्या हालचाली त्या त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही अपुरी ठरतात.

हे काम अनेक दशके ‘एक्स’ ही प्रणाली करत आली. तिचा जन्म १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत, डीईसी आणि आयबीएम या संगणक कंपन्यांच्या पाठबळावर चाललेल्या एका प्रकल्पात झाला. ती साध्या पीसीवर रुजवली मात्र एक्सफ्री८६ या स्वयंसेवकांच्या गटाने. श्रेयनिर्देशाच्या एका अटीसाठी या गटाने २००४ मध्ये परवाना बदलला, तेव्हा लिनक्सचे तयार संच पुरवणाऱ्या बहुतेक वितरकांनी त्याची साथ सोडली आणि काम एक्स.ऑर्ग या दुसऱ्या गटाकडे गेले. म्हणजे समाजाच्या हाती असलेला प्रकल्पही आपल्याच हट्टापायी एकटा पडू शकतो, हे मान्य करायला हवे.

पुढे २००८ मध्ये रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करत असताना क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी फावल्या वेळात एक्सची जागा घेणाऱ्या ‘वेलँड’ची सुरुवात केली. एक्सची रचना जुनी झाली होती, त्यामुळे नव्या व्यवस्थेची गरज होती, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो मधल्या काळात जुन्या घराची डागडुजी करायची कोणी, याचा. एक्स सर्व्हरची, म्हणजे एक्सच्या मुख्य प्रोग्रॅमची, १.२० ही आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि त्यानंतरची मोठी आवृत्ती यायला जवळपास साडेतीन वर्षे लागली, कारण ज्या कंपन्यांचे पगारी अभियंते हे काम करत होते त्यांचे लक्ष वेलँडकडे वळले होते. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून तर एक्स सर्व्हर वगळलाच गेला. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून एक्सवेलँड हा दुवा तेवढा उरला. रेड हॅटने यात कोणाची फसवणूक केली असे मी म्हणणार नाही, निर्णय आधीच जाहीर झाला होता. पण तो कंपनीच्या ग्राहकांकडे पाहून घेतलेला होता, आपल्या तालुक्याच्या वाचनालयाकडे पाहून नव्हे. उबुंटू हे लिनक्स पुरवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीनेही २०१३ मध्ये ‘मिर’ हा स्वतःचा पर्याय वाजतगाजत आणला आणि २०१७ मध्ये उबुंटूच्या डेस्कटॉपसाठी तो बाजूला ठेवला.

या सगळ्याची झळ सर्वांत आधी दृष्टिहीन वापरकर्त्यांना बसली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘ओर्का’ या सॉफ्टवेअरला, समोर कोणताही प्रोग्रॅम उघडा असला तरी, आपल्या ठरावीक कळा दाबल्या गेल्याचे कळावे लागते. एक्समध्ये कोणत्याही प्रोग्रॅमला सगळ्या कळा ‘ऐकता’ येत, त्यामुळे ओर्काचे काम भागे. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमलाही तीच वाट मोकळी होती, म्हणून वेलँडने ती बंद केली, आणि ते योग्यच झाले. परंतु ओर्कासाठी निराळे, सुरक्षित दार बसवण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. त्याचे मूळ आणखी मागे जाते. लिनक्स डेस्कटॉपवरील या सोयींचा मोठा भार सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीने उचलला होता. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर ओर्काच्या प्रमुख विकासकाचीच नोकरी गेली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! त्यानंतर ओर्का जिवंत राहिले ते प्रामुख्याने एका विकासक महिलेच्या चिकाटीमुळे.

केवळ स्वयंसेवेवर सगळे चालावे, असे यावरून कोणी सुचवू नये. चाचण्या घेणाऱ्या यंत्रांना वीज लागते आणि सुरक्षेतील भोके बुजवायला माणसांचा पूर्ण वेळ लागतो. एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागात १९९१ पासून असलेला एक दोष २०१४ मध्ये उघड झाला, तोवर तो जगभरच्या संगणकांवर निवांत बसून होता. आपल्यापुरते बोलायचे तर ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळाला तो रेड हॅटमुळे, आणि त्याची देखभाल दीर्घकाळ त्याच कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली. कंपनीचा पैसा वाईट नसतो, तो दुसऱ्याच्या मर्जीचा असतो एवढेच.

जर्मनीने यावर तिसरा मार्ग काढला. तेथील सरकारी ‘सॉव्हरिन टेक फंड’ने २०२३ मध्ये लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रकल्पाला दहा लाख युरो दिले, आणि त्यातील काही काम दृष्टिहीनांच्या सोयींसाठीच होते. भारत सरकारचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून आहे. परंतु स्वीकारणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र शासनाने आपल्या संगणक खरेदीच्या खर्चातून निदान दोन-तीन अभियंत्यांचे वेतन वेलँडवरील मराठी टंकलेखन आणि ओर्का यांच्या देखभालीसाठी कायमचे राखून ठेवावे, अशी माझी सूचना आहे. मात्र त्यांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली पाहिजे, अशी अट त्यासोबत असावी. स्वतःच्या नावाचे वेगळे सरकारी लिनक्स काढण्याचा मोह शासनाने टाळावा, कारण मग त्या लिनक्सलाही पुढच्या अर्थसंकल्पात वाली शोधावा लागेल.

आपला,
एक वाचक, पुणे