या नव्याच्या सणाला मी येत नाहीये

प्रिय आई-बाबा,
शालोम.

आई, तू चिकाच्या हलव्यासाठी गहू भिजत घालायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईने लिहितोय. नव्याच्या सणाला, आपल्या नव्या वर्षाला, मी येत नाहीये. फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तू मधेच "जेवलास का?" विचारलंस आणि माझा धीर गेला.

आणखी एक आहे. बसून वाचा. उलपान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, संपलं की परत येतो म्हणालो होतो, तेही आता नाही. मी इथेच, इस्राएलमध्ये, सदे एलियाहू या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावात, राहायचं ठरवलंय. मागच्या आठवड्यात सदस्यत्वाच्या उमेदवारीचा अर्ज दिला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर तुम्ही "जा बाळा" म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात. म्हणून आधी सही केली. चुकलो असेन तर रागवा, पण फोन उचला.

बाबा, मला ठाऊक आहे तुमच्या मनात पहिलं काय आलं. अलिबागच्या सिनेगॉगमध्ये मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा माणसं, जमवायला तुम्ही शुक्रवारी दुपारपासून फोन लावत बसता. नववा मिळाला की माझ्याकडे बघून हसायचात, कारण दहावा घरातच होता. तो दहावा मी इथे घेऊन आलो. इथे पहिल्या संध्याकाळी मीही सवयीने मोजायला लागलो, तुम्ही शिकवलंत तसं. माणसं मोजायची नसतात, म्हणून त्या दहा शब्दांच्या वचनाने, एका माणसाला एक शब्द. वचन एकदा संपलं, दुसऱ्यांदा संपलं, चौथ्यांदा सुरू केलं आणि मधेच थांबलो. पुस्तक तोंडासमोर धरून उभा राहिलो. इथे कुणीच मोजत नाही, बाबा. मोजावंच लागत नाही. तुम्ही आयुष्यभर जे फोन करून जमवलंत ते इथे रोज तीन वेळा आपसूक होतं, आणि तुम्ही ते बघायला इथे नव्हतात.

नोकरी मिळेना म्हणून राहिलोय असं आळीत कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ठाण्याची नोकरी बरीच होती. मला काम आवडलंय. मी खजुराच्या बागेत आहे. मेडजूलची तोडणी चालू आहे, पहाटे पाचला जातो, कारण नंतर ऊन सोसत नाही. आपल्या वाडीतल्या माडावर चढतात तसं इथे कुणी चढत नाही, यंत्राच्या पाळण्यात उभं राहून वर जायचं, कमरेला पट्टा असतो. (आई, पट्टा रोज लावतो.) घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात, पिकलेली फळं त्यात पडतात. आणि बाबा, ही झाडं नर-मादी वेगळी. वसंतात नराचा पराग माणसाने नेऊन मादीच्या फुलोऱ्यावर टाकावा लागतो, वाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर नीट पीक येत नाही. तुम्ही असतात तर झाडाखाली खुर्ची टाकून दिवसभर बघत बसला असतात.

एक गोष्ट आईला आवडणार नाही. इथे शेतात घुबडांसाठी पेट्या लावल्यात. गव्हाणी घुबडं, पांढऱ्या चेहऱ्याची. औषध न मारता उंदीर संपवायचे म्हणून. एक जोडी वर्षाला काही हजार उंदीर खाते म्हणे. पहिल्या रात्री ओरडणं ऐकून मला तुझीच आठवण झाली, तू दाराला मीठ-मिरची ओवाळायला उठली असतीस. आता त्या आवाजाने झोप लागते. हे लोक कीड मारायलाही दुसरे किडे पाळतात, टोमॅटोच्या फुलांसाठी भुंगे पाळतात. हे सगळं बघायला एकदा याच.

खाण्याची काळजी करू नकोस. मोठ्या भोजनगृहात सगळे एकत्र जेवतात, कोशेरच असतं, दूध-मटणाची भांडी वेगळी. सकाळी काकडी-टोमॅटो आणि चीज, दुपारी भात मिळतो, फक्त तिखट नाही. तू दिलेला मसाला पुरवून वापरतोय. कपडे धुलाईत जातात, प्रत्येकाचा नंबर शिवलेला असतो, माझा 214. त्यामुळे तू विणलेला स्वेटर हरवणार नाही. खोलीत एसी आहे, तो लागतोच. हे खोरं समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि उन्हाळ्यात भट्टी पेटते, पण घाम चिकटत नाही. दवाखाना आवारातच. सायरन वाजला तर जाड भिंतींच्या खोलीत जायचं हे पहिल्याच दिवशी दाखवलंय, आणि मी उगाच बाहेर थांबत नाही. टीव्हीवरच्या बातम्या रात्री झोपताना बघू नका. काही असलं तर मी स्वतः फोन करीन.

उलपानमध्ये फ्रान्सची, युक्रेनची, अर्जेंटिनाची मुलं आहेत. सगळ्यांचं हिब्रू मोडकं, म्हणून कुणी कुणाला हसत नाही. प्रत्येकाला किबुत्झमधलं एक कुटुंब जोडून देतात. माझ्या वाट्याला एक आजीबाई आल्यात. त्यांचे आई-वडील 1939 मध्ये हे गाव वसवणाऱ्या जर्मनीतल्या पोरांपैकी. पोरंच ती, आई-बापांना मागे ठेवून आलेली. पुढे पुष्कळांना ते पुन्हा दिसलेच नाहीत. म्हणूनच असेल, आजीबाई दर शुक्रवारी मला केक द्यायच्या आधी विचारतात, "घरी फोन केलास?" केला नसेल तर केक झाकून ठेवतात.

किद्दुशला, शुक्रवार रात्रीच्या प्याल्यावरच्या प्रार्थनेला, इथे वाईन असते. मला आपलं मनुकांचं शरबतच हवं होतं. मागच्या शुक्रवारी मनुका भिजवून केलं. तुझ्यासारखं झालं नाही, पण वास आला आणि मी सहा वर्षांचा होऊन तुझ्या पदराला लोंबकळलो. आजीबाईंना चव दिली, त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं. सुरात मात्र फरक आहे. सणाआधीचा एलुल महिनाभर सलीहोथ, क्षमेच्या प्रार्थना, म्हणायची आपली रीत, यांची नाही. मी एकटाच पहाटे बागेत जाताना बाबांच्या चालीत म्हणतो.

डिमोनाला आत्याकडे जाऊन आलो. तिथे मराठी ऐकून डोकं हलकं झालं. तिने मलिदा केला होता, माझ्या नवसाचा, आणि सगळ्यांनी एलियाहू हान्नाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हटलं. आमच्या किबुत्झचं नाव दुसऱ्याच एलियाहूवरून आहे, एका रब्बींच्या. पण आत्या म्हणते, "नाव तेच ना, मग तोच तुला घेऊन आला." 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, बेने इस्राएल, म्हणजे आपली माणसं, सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा आजोबांनी इकडे यायला ती पत्र्याची पेटी कशी बांधली होती हेही तिने सांगितलं. पुढचं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबा, ती पेटी माळ्यावरच राहू द्या. मी त्यांचं काही पुरं करायला आलेलो नाही, आणि तुम्ही थांबलात ते चुकलं असंही मला कधी वाटलेलं नाही. तुम्ही थांबलात म्हणून अलिबागला अजून दिवा लागतो.

पासपोर्ट बदलला तरी ओसीआय कार्ड मिळतं, मी हवं तेव्हा येऊ शकतो. तोडणी संपली की हनुक्काच्या सणाच्या सुमारास महिनाभर येणार, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत. घर विकायचा विषय काढू नका. वाडीही नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन सणानंतर लगेच, मी यायची वाट बघायची नाही. साखर दर महिन्याला तपासायची आणि खरा आकडा सांगायचा. पहाटे सलीहोथला जाताना बॅटरी घ्या, इस्राएल आळीच्या कोपऱ्यावरचं गटार उघडं आहे. स्टुलावर चढून ट्यूब बदलायची नाही. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचार, स्वतः ठरवू नकोस. हलवा ढवळताना शेजारच्या पोराला बोलाव, तुझा खांदा अजून दुखतो हे मला माहीत आहे.

आत्याच्या ओळखीचे लोक सणाला येतायत, त्यांच्याबरोबर खजूर पाठवतोय. सणाच्या ताटात या वेळी पाकिटातले नकोत, हे ठेवा. वरच्या थरातले मी स्वतः तोडलेले आहेत. बाबांनी दोनच खायचे.

शुक्रवारी तुमच्या पाचला, म्हणजे माझ्या अडीचला फोन करीन, शब्बाथच्या आधी. त्या वेळी बाबांनी मिन्यानचे फोन थोडे थांबवावेत. लाइन बिझी लागते.

तुमचा,
शमू